आजी, हलू नकोस!

मुलांनो, अजून विकतही न घेतलेल्या वस्तूवरून तुमच्या घरी कधी भांडण झालंय का? आमच्या घरी गेल्या दिवाळीत झालं. माझी भाची कॉलेजात आहे, भाचा नववीत. दोघांत मिळून एक चांगला कॅमेरा घेऊ, असं ताई आणि भावजींनी कबूल केलं होतं. झालं! कुठला घ्यायचा यावरून दोघांची जुंपली.

भाचीला हवा होता मिररलेस. पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असे. बटण दाबलं की तो टपकन वर उडे आणि मग प्रकाश आत जाई. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. लेन्समधून आलेला प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि चित्र आपल्याला मागच्या पडद्यावर दिसतं. पॅनासॉनिकने २००८ साली असा जी-१ कॅमेरा बाजारात आणला आणि पुढे सगळ्याच कंपन्या त्या वाटेने गेल्या. आताच्या मिररलेसमध्ये फोटोही उत्तम निघतात आणि व्हिडिओही, म्हणून त्यांना हायब्रिड म्हणतात.

भाच्याचा हट्ट वेगळाच. "मला फिल्म करायचीय. मला सिने कॅमेराच हवा." सिने कॅमेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ट्रॉलीवरचं अवजड धूड येतं, पण आता हातात मावतील एवढे छोटे सिने कॅमेरेही मिळतात.

दोघं न्याय मागायला माझ्याकडे आली. "मामा, तूच सांग." मी म्हटलं, "आपण आजीला विचारू."

ही थट्टा नव्हती बरं का. माझी आई, म्हणजे त्यांची आजी, ८४ वर्षांची आहे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात, ते तिलाही ठाऊक नाही. तिच्याबरोबर दळायला बसणारी एकही बाई आता गावात उरलेली नाही. त्या ओव्या टिपून ठेवायच्या, असं मी किती वर्षं नुसतं म्हणतच होतो! शेवटी दोन्ही तऱ्हेचे कॅमेरे एका दिवसासाठी भाड्याने आणले आणि आम्ही गावी गेलो.

सकाळी सिने कॅमेऱ्याची पाळी. ट्रायपॉड लावला, माइक जोडला, लेन्स फिरवून फोकस हाताने जुळवला. यातच पाऊण तास गेला. आजी जात्याशी बसून कंटाळली. "अरे, झालं का रे तुमचं?" शेवटी एकदाचं दळण सुरू झालं. जात्याचा खुंटा ओढताना ती पुढे वाकायची, आणि दर फेऱ्याला तिचा चेहरा फोकसमधून बाहेर जायचा. भाचा काकुळतीने म्हणाला, "आजी, हलू नकोस ना!"

"हलू नको, तर दळू कशी?"

तिचं खरंच होतं. पण खरी फजिती पुढेच झाली. सहावी ओवी सुरू झाली, सासरी निघालेल्या लेकीची, आणि बॅटरी संपली. दुसरी घालेपर्यंत आजी पुढच्या ओवीवर गेली होती. "आजी, ती परत म्हण ना," म्हटलं, तर ती जात्याकडे बघत बसली. "गेली बाई ती. जात्याबरोबर येते, मागून आठवत नाही." ती ओवी आमच्यापाशी नाही.

दुपारी भाचीने मिररलेस हातात धरला आणि समोर बसली. बस्स! कॅमेऱ्याने आजीचा डोळा ओळखून पकडला. ती वाकली, वैरण घालायला वळली, तरी चेहरा लख्खच. हात थोडा हलला तरी चित्र स्थिर. भाचीने तासभर सगळं टिपलं आणि मध्येच आजीच्या हातांचे दहा-बारा फोटोही काढले.

मग भाच्याची हार झाली म्हणायची? थांबा. रात्री दोन्ही चित्रणं संगणकावर पाहिली. आजीच्या मागे खिडकी होती. मिररलेसच्या चित्रात ती खिडकी म्हणजे नुसता पांढरा कागद! भाच्याने आपल्या चित्रातला उजेड हळूहळू खाली आणला, तर खिडकीत अंगणातला कडुनिंब उगवला. भाची बघतच राहिली.

याचं कारण जात्यापाशीच सापडतं. मिररलेस आपल्याला बहुधा भाजलेली भाकरी देतो. रंग, उजेड सगळं आतच ठरवून टाकतो. सिने कॅमेरा पीठ देतो, त्याची भाकरी करा नाहीतर थालीपीठ. या पिठाला 'रॉ' म्हणतात. साध्या ८ बिटांच्या व्हिडिओत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, १२ बिटांच्या रॉमध्ये ४०९६. (काही महागडे मिररलेसही पीठ देतात, नाही असं नाही.)

पण पीठ ठेवायला डबाही मोठा लागतो! हिशेब करून पाहा. एका चित्रात ४०९६ गुणिले २१६० ठिपके, प्रत्येकाला १२ बिट, सेकंदाला २४ चित्रं. उत्तर येतं मिनिटाला सुमारे १९ जीबी. ते दाबून पाचपट लहान केलं, तरी ६४ जीबीच्या कार्डात जेमतेम १७ मिनिटं मावतात. मिररलेसचं नेहमीचं, सेकंदाला १०० मेगाबिटांचं चित्रण त्याच कार्डात ८५ मिनिटं चालतं.

सगळ्याच जोड्या इतक्या निराळ्या नसतात. सोनीचा ए-सेव्हन-एस-थ्री हा मिररलेस २०२० सालचा आणि एफएक्स-थ्री हा छोटा सिने कॅमेरा २०२१ सालचा. दोघांचाही सेन्सर १२ मेगापिक्सेलचा, दोघांनाही उत्तम स्वयंचलित फोकस. फरक आहे तो अंगावर. एफएक्स-थ्रीला थंड राहायला पंखा, सामान अडकवायला स्क्रूची भोकं आणि मोठे माइक जोडायला वेगळी मूठ. पण डोळा लावून पाहायची खिडकी नाही. गॅरेथ एडवर्ड्‌स यांचा 'द क्रिएटर' हा २०२३ चा हॉलिवूडपट बराचसा याच एफएक्स-थ्रीवर चित्रित झाला. भाच्याने हे मला तीनदा ऐकवलं. त्या कॅमेऱ्यामागे निष्णात छायालेखकांची फौज होती, हे मात्र एकदाही सांगितलं नाही!

आता थोडं आईबाबांसाठी. पाटीवरची किंमत बहुतेक वेळा नुसत्या खोक्याची असते. लेन्स, माइक, जादा बॅटऱ्या, कार्डं, डिस्क आणि रॉ पेलणारा संगणक हे सगळं वेगळं. सिने कॅमेऱ्याचा हा मागचा खर्च जास्त येतो. लेन्स मात्र विचार करून घ्या, कारण ती कॅमेऱ्यापेक्षा जास्त वर्षं टिकते आणि पुष्कळदा दोन्हीकडे चालते. पॅनासॉनिकचा जीएच-फाइव्ह हा मिररलेस आणि ब्लॅकमॅजिकचा पॉकेट फोर-के हा सिने कॅमेरा, दोघांना एकाच मापाच्या लेन्स बसतात.

आमच्याकडे शेवटी मिररलेस आला, तोही जुना, कुणीतरी वापरलेला. उरलेल्या पैशांत एक बरा माइक आणि दोन जादा बॅटऱ्या आल्या. भाचा दोन दिवस फुरंगटून बसला होता. मग ठरलं, की मे महिन्यात त्याच्या फिल्मसाठी सिने कॅमेरा दोन दिवस भाड्याने आणायचा. फिल्ममध्ये माणसं सांगाल तिथे उभी राहतात, हवं तर दृश्य पुन्हाही करतात.

आजीकडे आता दर महिन्याला एक रविवार ठरलेला आहे. आत्तापर्यंत एकोणतीस ओव्या जमल्या. ती लेकीची मात्र अजून आलेली नाही.