गोड धिरडी : गोडी गुळाची, गुण कोंड्याचा

मैद्याच्या पॅनकेकसाठी मुले हट्ट धरतात, तेव्हा आपली गोड धिरडी करून पाहावीत. १ वाटी न चाळलेली कणीक, पाव वाटी नाचणीचे पीठ, कोमट पाण्यात विरघळवून गाळलेला पाव वाटी गूळ, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड एकत्र करून, लागेल तसे पाणी घालून सरसरीत भिजवावे. २० मिनिटांत कोंडा पाणी शोषतो. पीठ मिळून येते. गूळ चटकन करपतो, म्हणून बिडाच्या तव्याखाली आच मंदच हवी.

मात्र गूळ म्हणजे औषध, या समजुतीत राहू नये. त्यातही मुख्यत्वे साखरच असते. मधुमेह असणाऱ्यांनी तोही जपूनच खावा. नाचणीतून कॅल्शियम मिळते, कणकेतून कोंडा. धिरड्याचा खरा गुण तिथे आहे. तेव्हा गोडी बेताची ठेवा आणि चाळणी बाजूला!