प्रथिनांतल्या दुखऱ्या जागा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली माळ. त्यातला मणी बदलला, की त्याला उत्परिवर्तन म्हणतात. असा बदल कुठेही होऊ शकतो. पण पुष्कळ नोंदी एकत्र पाहिल्या, की काही ठरावीक जागी तो फिरून फिरून आढळतो. अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. सेमूर बेन्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली एका विषाणूच्या जनुकातील अशा जागांचा तपशीलवार नकाशाच प्रसिद्ध केला.

पी-५३ हे आपल्या पेशींतले प्रथिन घ्या. माळेत मणी ३९३; काम, पेशींच्या बेबंद वाढीला लगाम घालणे. कर्करोगात ते १७५, २४५, २४८, २४९, २७३ आणि २८२ या सहा जागी विशेष करून बिघडलेले सापडते.

मग मोजायला संगणक कशाला? तर माळ सरळ नसते, गुंडाळलेली असते. धाग्यावर लांब असलेले मणी गुंडाळीत शेजारी येतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून २०१६ साली पुढे आलेली ‘हॉटमॅप्स’ ही आज्ञावली हे शेजार पाहते. एका ठिकाणी जमलेली गर्दी निव्वळ योगायोगाने जमली असती का, हेही ती पडताळते.

अशी आज्ञावली आपल्या संगणकावर बसवायची, तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली, तिची चूल वेगळी मांडा. या आज्ञावल्या इतर आज्ञावल्यांच्या आधारावर चालतात, आणि त्याही ठरावीक आवृत्तीच्याच लागतात. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेले काम तिसरीत बहुधा अडते. ‘कोंडा’ नावाचे साधन प्रत्येक आज्ञावलीला स्वतंत्र खोली देते. मग भांडण नाही.

दुसरी, पत्ते तपासा. मानवी जनुकसंचाचा २००९ चा नकाशा वेगळा, २०१३ चा वेगळा. नगरपालिकेने घरांचे क्रमांक बदलावेत आणि पोस्टमनने जुन्या क्रमांकावर पत्र टाकावे, तशी गत होते. आणि गंमत अशी, की संगणक दर वेळी तक्रार करीलच असे नाही. तो मुकाट्याने चुकीच्या दारात पत्र टाकून मोकळा होतो. उद्या कुणी त्याच उत्तरावरून औषधाचा नेम धरला, तर?

म्हणून तिसरी गोष्ट, कसोटी. आज्ञावली चालली म्हणजे नीट बसली, असे समजू नका. कर्करोगाच्या भरपूर नोंदी देऊन आधी पी-५३ चे उत्तर काढा. ओळखीच्या त्या सहा जागा वर आल्या नाहीत, तर नव्या प्रथिनाकडे वळूच नका.

एवढे करूनही यंत्र ‘कुठे’ ते सांगते, ‘का’ ते नाही. २४९ चेच पाहा. चीनमधील चीतुंग आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील यकृताच्या कर्करोगांत ही जागा वारंवार बिघडलेली दिसली, ते १९९१ साल. मका-भुईमुगावरच्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, तिथे डीएनएचे एक अक्षर बदलते. उलट २४८ व २७३ या जागांची अक्षरे बाहेरच्या विषाशिवायही सहज बदलणारी आहेत. दोन्ही प्रकारच्या जागा नकाशावर ठळक दिसतील. पण एकीचा उपाय धान्याच्या कोठारात आहे, दुसरीचा नाही. हा फरक ओळखायचे काम मात्र माणसाचेच.