दौतीत कोणती शाई भराल?

लेखनसाहित्याच्या दुकानात जाऊन आपण झरणी मागितली, की दुकानदार चार-सहा नमुने पुढे मांडतो. ग्राहक निब कागदावर घासून पाहतो, टोपण दोनदा लावून काढतो, झरणी हातात तोलतो आणि मग किमतीची घासाघीस करतो. शाईची पाळी आली की मात्र “द्या एखादी निळी” एवढेच म्हणून तो पैसे मोजू लागतो. वास्तविक झरणी बिघडली तर दुसरी घेता येते. पण दहा वर्षे ज्या शाईने हिशेब लिहिले, पत्रे लिहिली, मुलांच्या जन्मवेळा टिपून ठेवल्या, ती शाई उडून गेली तर काय करावयाचे? आपल्या घरी कोणती शाई आहे आणि ती कोणत्या कामास योग्य आहे, हे एकदा तपासून पाहावे, एवढ्याकरिता हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचीच एक गंमत सांगतो. ‘शाई’ हा शब्द फारसीतील ‘स्याही’वरून आपल्याकडे आला आणि स्याह म्हणजे काळा. तेव्हा ‘निळी शाई’ असे म्हणताना आपण निळा काळोख म्हणत असतो! आपल्या जुन्या लेखकांपुढे मात्र हा घोटाळा नव्हता. दिव्याचे काजळ आणि बाभळीचा डिंक खलून केलेली शाई ही काळीच असे, आणि बोरूने लिहिलेली तिची अक्षरे दोन-तीनशे वर्षांनंतरही टवटवीत दिसतात. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. त्याला ऊन मारीत नाही, हवा मारीत नाही. पोथीतील ‘उवाच’ किंवा श्लोकांचे आकडे हिंगुळाने तांबडे केलेले असत. अक्षर चुकले, तर त्यावर पिवळा हरताळ लावून ते झाकीत. एखाद्याच्या कष्टांवर हरताळ फासला, असे आपण आज सहज म्हणतो, ते याच पोथीलेखकांच्या कलमदानातून आलेले आहे.

काजळाची शाई इतकी टिकाऊ, तर तीच झरणीत का भरू नये, असा प्रश्न वाचक विचारतील. याचे कारण असे की काजळ पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण पाण्यात नुसते तरंगतात. झरणीच्या जिभेतील केसासारख्या बारीक वाटांत हे कण डिंकासह बसले, की वाट कायमची बुजते. चित्रकलेची काळी शाई, जिला आपण ‘इंडिया इंक’ म्हणतो, तीही याच जातीची असून बहुधा तिच्यात लाखेचा अंश असतो. एखाद्या विद्यार्थ्याने ती हौसेने झरणीत भरली, तर ती झरणी गेलीच म्हणून समजावे. अलीकडे अतिसूक्ष्म कणांच्या, खास झरणीकरिता केलेल्या टिकाऊ शाया मिळतात. त्यांच्या वेष्टनावर तसे स्पष्ट लिहिलेले असते. त्यांचीही झरणी आठवडेच्या आठवडे वाळत पडू देऊ नये.

झरणीची नेहमीची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. हे रंग पूर्वी नव्हते. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने कोळशाच्या डांबरातून क्विनीन काढण्याचा खटाटोप केला. क्विनीन काही निघाले नाही, पण एक सुरेख जांभळा रंग हाती लागला. त्यापाठोपाठ रासायनिक रंगांची रांगच लागली आणि शाईच्या बाटल्या निळ्या, हिरव्या, तांबड्या, जांभळ्या झाल्या. या रंगांचा गुण असा की ते चटकन वाहतात आणि झरणी स्वच्छ राहते. दोष असा की जे पाण्यात सहज विरघळते, ते पाण्याने सहज जातेही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे शाळकरी मुलांची आवडती ‘रॉयल ब्लू’, म्हणजेच धुऊन जाणारी निळी. तिचे धुऊन जाणे हे व्यंग नसून मुद्दाम आणलेला गुण आहे. मुलाने सदऱ्यावर सांडली, तर आईला ती साबणाने काढता यावी, हा तिचा हेतू. याच शाईने आमच्या घरात जो प्रकार केला, तो सांगण्यासारखा आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा आमच्या आजोबांचे बिऱ्हाड नदीकाठच्या पेठेत होते. पाणी ओसरल्यावर चिखलातून एक ट्रंक निघाली. तिच्यात दोन वह्या होत्या. एक आजोबांची, हिशेबाची. कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे ते निळी-काळी शाई वापरीत. दुसरी आजीची. तीत घरगुती औषधे, लोणच्या-मसाल्यांची प्रमाणे आणि पाच मुलांच्या जन्मवेळा होत्या. घरात लहान मुले, सांडलवंड नेहमीचीच, म्हणून ती धुऊन निघणाऱ्या निळीने लिहीत असे. वह्या उन्हात वाळविल्या. आजोबांची पाने डागाळली, पण मेथीची जुडी कितीला घेतली, इथपर्यंत सर्व वाचता येत होते. आजीची पाने फिकट आकाशासारखी निळसर झाली होती. अक्षर एकही नव्हते. तिने पुढे आठवून आठवून दुसरी वही लिहिली. माझ्या थोरल्या आत्याच्या नावापुढे जन्मतारीख आहे. वेळेची जागा मोकळी आहे.

आजोबांची शाई का टिकली, हे समजून घेण्यासारखे आहे. अस्सल निळी-काळी शाई लोहाची असते. मायफळासारख्या तुरट पदार्थातील आम्ल आणि हिराकस म्हणजे लोहाचा क्षार यांचे ते मिश्रण होय. (आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांनी काळा रंग करण्याची रीत रंगाऱ्यांना ठाऊक होतीच.) हे मिश्रण ताजे असताना जवळजवळ रंगहीन असते. ते कागदाच्या तंतूंत मुरते, तेथे त्याला हवा लागते आणि मग त्याचा काळा, पाण्यात न विरघळणारा क्षार बनतो. म्हणजे अक्षर कागदावर बसत नाही, कागदात रुजते. पण लिहिताना काही दिसावयास तर हवे! म्हणून तीत थोडा निळा रंग घालतात. आज लिहिले ते निळे, काही दिवसांनी पाहावे तो काळे. म्हणून नाव निळी-काळी. इंग्लंडात हेन्री स्टीफन्स याने १८३२ साली अशी शाई बाजारात आणली, आणि तेथील जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदवह्यांत पुढे दीर्घकाळ लोहाच्या शाईचाच आग्रह धरला गेला.

तथापि येथे दोन सूचना देणे अवश्य आहे. एक, आज निळी-काळी म्हणून विकली जाणारी प्रत्येक बाटली लोहाची नसते. कित्येकींत नुसते निळे आणि काळे रंग कालवलेले असतात. बाटलीवरील मजकूर वाचावा. दुसरी, ही शाई आम्लधर्मी आहे. फार तीव्र शाईने युरोपातील जुन्या हस्तलिखितांचा कागद खाल्ला आहे. बाख या संगीतकाराच्या स्वहस्ते लिहिलेल्या स्वरलिपींनाही ही बाधा झाली. हल्लीच्या शाया सौम्य असतात, परंतु पोलादी निब गंजू शकते. लोहाची शाई भरलेली झरणी रोज वापरावी आणि महिन्यातून एकदा धुवावी.

तांबड्या शाईविषयी आम्हां संपादकीय मंडळींना विशेष जिव्हाळा. मुद्रितावरील खुणा काळ्या मजकुरातून उठून दिसाव्यात, म्हणून ती आमच्या मेजावर असतेच. नेहमीच्या तांबड्या शाईतील इओसिन हा रंग दिसावयास अत्यंत झळाळदार, पण उन्हापुढे दुबळा. खिडकीशी टांगलेल्या वेळापत्रकातील तांबडी अक्षरे प्रथम नाहीशी होतात, ती यामुळे. तेव्हा शेरे, दुरुस्त्या, खुणा यांपुरतीच ती ठेवावी. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काही मुलांना, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक, तांबड्या-हिरव्याचा भेद नीट कळत नाही, तर काहींना तांबडे अक्षर काळसरच दिसते. त्यांच्या वहीत नुसत्या रंगावर विसंबून न राहता चुकीखाली रेघ ओढावी.

हिरव्या शाईभोवती तर एक दंतकथाच उभी आहे. राजपत्रित अधिकारी झाला की हिरव्या शाईने सही करावयाची, असा कित्येकांचा समज असतो. साक्षांकनाकरिता गेलेला उमेदवार निळी सही पाहून हिरमुसलेला मी पाहिला आहे. सहीचे बळ अधिकारात आणि शिक्क्यात असते, रंगात नव्हे. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत याबाबत जे सांगितले आहे, ते फार व्यवहारी आहे: मूळ मसुदा निळ्या किंवा काळ्या शाईत असावा, वरच्या पायरीवरील अधिकाऱ्यांनी मसुद्यात केलेले बदल हिरव्या वा तांबड्या शाईत असू शकतात, म्हणजे कोणी काय बदलले हे ओळखू येते, एरव्ही या दोन रंगांचा वापर सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांनी क्वचितच करावा. म्हणजे रंग हा मानाचा तुरा नसून हिशेबाची खूण आहे. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे पहिले प्रमुख मॅन्सफील्ड कमिंग हेही हिरव्या शाईने लिहीत आणि त्यांच्यामागून येणाऱ्या प्रमुखांनी ती प्रथा चालविली, तेव्हा मोह मोठ्यांनाही असतो.

रंगामुळे मत बाद होऊ शकते, हेही आपल्या देशाने पाहिले. २०१६ साली हरयाणातील राज्यसभेच्या निवडणुकीत ठरलेल्या लेखणीऐवजी दुसरी लेखणी वापरल्यामुळे अनेक आमदारांची मते अवैध ठरली. २०१७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत निवडणूक आयोगाने मतदारांना मुद्दाम जांभळ्या शाईच्या खास लेखण्या दिल्या. (बोटाला लावतात ती शाई निराळी. १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यात होणाऱ्या त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते आणि ती उजेडाने काळी पडते. ती कोणी झरणीत भरणार नाही, अशी आशा आहे.)

धनादेशाच्या बाबतीत मात्र अफवांवर विश्वास ठेवू नये. काळ्या शाईने लिहिलेले धनादेश रिझर्व्ह बँकेने बंद केले, अशी आवई २०२५ च्या आरंभी उठली होती. सरकारतर्फे तिचे तत्काळ निराकरण झाले. बँकेने कोणताही एक रंग ठरवून दिलेला नाही. धनादेशाचे आता छायाचित्र पाठविले जाते, म्हणून गडद शाई वापरावी आणि खाडाखोड टाळावी, एवढेच सांगणे आहे. माझे स्वतःचे मत असे की धनादेश, खत, मृत्युपत्र यांवर धुऊन जाणारी निळी कधीही वापरू नये. ती पाण्याने जाते, तशीच शाई पुसण्याच्या औषधानेही जाते, आणि ते औषध नेहमी सज्जनाच्याच हाती असते असे नाही.

बाटली कोणाची घ्यावी? विदेशी शायांचे रंग मोहक असतात, किंमतही तशीच असते. परंतु आपल्याकडे शाई हा एके काळी देशाभिमानाचा विषय होता, याचा विसर पडू नये. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपले बंधू गोविंद यांच्या साह्याने शाईची भुकटी आणि वड्या करण्यास आरंभ केला; त्यांवर घोड्याचे चित्र असे. पुढे झरणीकरिता शाई निघाली, तिच्यावर उंट आला, आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ मिळून कॅम्लिन हे नाव झाले. १९३४ साली राजशाही येथे, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ननीगोपाल आणि शंकराचार्य या मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ सुरू केली. स्वदेशी शाई असावी अशी गांधीजींचीच इच्छा होती. कोलकात्याच्या जादवपुरात सुलेखाच्या नावाचा चौक आजही आहे. बॉलपेनच्या रेट्यात तो कारखाना मध्यंतरी बंद पडला होता. २०२० पासून त्याची झरणीची शाई पुन्हा मिळू लागली. बंगालमधील वाचकांना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

वेष्टनावरील शब्दांपेक्षा घरचा प्रयोग अधिक बोलतो. एका जाड कागदावर आपल्याजवळच्या प्रत्येक शाईने तीन-तीन ओळी लिहा, शेजारी शाईचे नाव पेन्सिलीने लिहा आणि एक रात्र वाळू द्या. मग कागदाचे उभे तीन तुकडे करा, प्रत्येकावर प्रत्येक शाईचा थोडा भाग येईल असे. एक तुकडा पुस्तकात मिटून ठेवा. दुसरा अर्धा तास पाण्याच्या ताटलीत बुडवा. तिसरा ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला चिकटवून दोन महिने विसरून जा. नंतर तिन्ही शेजारी मांडले, की कोणत्या बाटलीत बाजारहाट लिहावयाची आणि कोणत्या बाटलीत मुलीच्या जन्माची नोंद करावयाची, हे आपोआप ठरेल. मुलांना हा उद्योग फार आवडतो. ताटलीतील पाण्याचा रंग पाहून ती टाळ्या पिटतात.

राहता राहिली निगा. एक शाई संपून दुसरी भरताना झरणी साध्या, थंड पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी. गरम पाण्याने जुन्या झरण्यांचे भाग वाकतात. दोन शाया एकमेकींत मिसळू नयेत, कारण एक आम्ल आणि दुसरी अल्कली असली, तर गाळ धरतो. पारदर्शक झरणीत तांबडी वा जांभळी भरल्यास डाग कायमचा राहण्याचा संभव असतो. शाई फुटते अशी तक्रार असेल, तर आधी कागद बदलून पाहावा, दोष बहुधा त्याचा असतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्या बुडाशी लिहून ठेवावी, ती अंधाऱ्या कपाटात ठेवावी, आणि तोंडाशी बुरशीची साय दिसली किंवा कुबट वास आला, तर गाळून वापरण्याचा मोह न धरता ती टाकून द्यावी.