अरकूची कॉफी : जमीन कोणाची, तराजू कोणाचा

विशाखापट्टणमहून किरंदुलकडे जाणारी रेल्वे बोगद्यामागून बोगदे पार करत पूर्व घाट चढते. १९६०च्या दशकात हा मार्ग बांधला गेला तो बैलाडिलाचं लोहखनिज बंदरावर आणि तिथून जपानला पोचवायला. वाटेत बोर्रा गुहा लागतात, मग अरकूचं खोरं. पाऊस ओसरला की इथली शेतं कारळ्याच्या फुलांनी पिवळी होतात, आणि त्याच सुमारास डोंगरउतारांवर, सिल्व्हर ओकच्या सावलीत, कॉफीची फळं लालीवर येतात.

ही कॉफी आज पॅरिसच्या मारे भागात मिळते. तिथलं दुकान २०१७ साली उघडलं. मुंबईत कुलाब्यालाही ती मिळते. पाकिटावर सेंद्रिय, आदिवासी शेतकरी, रास्त भाव असे शब्द असतात. हे शब्द खरे आहेत की नाहीत, याचा निवाडा दुकानात होत नाही असं माझं मत आहे. तो होतो दोन ठिकाणी : जमीन कोणाच्या नावावर आहे तिथे, आणि फळांचं वजन कोण करतं तिथे.

आधी जमीन. कोंडदोरा, भगता, कोटिया, पोरजा, गदबा, खोंड अशा जमाती या डोंगरांत राहतात. त्यांची जुनी शेती म्हणजे पोडू : उतारावरचा झाडोरा तोडायचा, जाळायचा, राखेत नाचणी-सावा पेरायचा आणि काही वर्षांनी जमीन मोकळी सोडून पुढे सरकायचं. आपल्याकडच्या कुमरीचीच ही बहीण. १८८२च्या मद्रास वन कायद्याने पोडूवर बंधनं आली, जंगलात पाऊल टाकणं गुन्हा ठरला आणि रस्ते बांधायला आदिवासींकडून वेठ घेतली जाऊ लागली. त्या संतापातून ऑगस्ट १९२२ मध्ये अल्लुरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखाली चिंतपल्लीसारखी पोलीस ठाणी लुटली गेली. बंड १९२४ पर्यंत चाललं. राजू पकडले गेले आणि गोळी घालून मारले गेले. पाडेरू हे मुख्यालय असलेल्या आजच्या कॉफीच्या जिल्ह्याला २०२२ साली त्यांचंच नाव दिलं गेलं.

या घाटांत कॉफी आली ती १८९८ साली, गोदावरीच्या बाजूला पामुलेरूच्या खोऱ्यात. पण स्वातंत्र्यानंतरही बराच काळ ती सरकारी बागांची होती. बाग वनखात्याची, आदिवासी तिथे रोजाने खुरपणी-तोडणी करणारा. पोडू थांबवायची आणि उघडे पडलेले उतार झाकायचे, हा त्यामागचा सरकारी हिशेब होता. खरा बदल झाला तो १९८० आणि ९०च्या दशकांत, जेव्हा कुटुंबागणिक दोन-दोन एकर बागा आदिवासींच्या ताब्यात देण्याचं धोरण आलं. कॉफी बोर्ड, गिरिजन सहकारी महामंडळ आणि पाडेरूची आदिवासी विकास यंत्रणा यांनी रोपं दिली, सावलीची झाडं दिली. आता या जिल्ह्यात दोन लाखांहून अधिक एकरांवर कॉफी आहे आणि एकेका कुटुंबाकडे सरासरी एकर-दीड एकर.

कर्नाटकातल्या मोठ्या मळ्यांशी तुलना केली की याचं मोल कळतं. कोडगू-चिकमगळूरच्या इस्टेटींवर तोडणी करणारा मजूर पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या ‘लाइन’मधल्या खोल्यांत राहत आला, आता झारखंड-आसामकडचे लोकही तिथे येतात. त्या कॉफीला कितीही चांगला भाव मिळो, तो तोडणाऱ्याच्या हातात मजुरी म्हणूनच पडतो. अरकूत तोडणारी बाई आणि बागेची मालकीण बहुधा एकच असते. नैतिक कॉफीची कुठलीही चर्चा मला या फरकापासून सुरू करावीशी वाटते.

पण या मालकीखाली बॉक्साइट आहे. गालिकोंडा, रक्तकोंडा, चिंतपल्ली या डोंगरांच्या माथ्यावर ॲल्युमिनियमच्या खनिजाचे जाड थर आहेत आणि त्यांच्यावर कित्येक दशकं डोळा आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘समता’ या संस्थेच्या खटल्यात निकाल दिला की अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनही बिगर-आदिवासी कंपनीला खाणीसाठी भाडेपट्ट्याने देता येणार नाही. वाद उभा राहिला होता बोर्राच्या परिसरातल्या खाणपट्ट्यांवरून. या निकालाला वळसा घालायला मग सरकारी महामंडळाच्या नावाने पट्टे काढायची वाट शोधली गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये आंध्र सरकारने चिंतपल्लीच्या जंगलातल्या बाराशेहून अधिक हेक्टरांसाठी आदेश काढला. गावोगाव विरोध पेटला आणि २०१९ मध्ये तो आदेश रद्द करावा लागला. माथा खणला की उतारावरचे झरे आटतात, आणि झऱ्यांविना कॉफी नाही, हे तिथल्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाच्या बांबूला मोल आलं ते २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या हाती हक्क आला म्हणून. अरकूच्या कॉफीचं भवितव्यही त्याच कायद्याखालच्या जमिनीच्या पट्ट्यांवर टेकलेलं आहे.

आता तराजू. एका कपाला साधारण सोळा ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. तेवढ्यासाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम पिकलेली फळं, म्हणजे साठ-सत्तर नग, हाताने खुडावी लागतात. सहा किलो फळांतून एक किलो कच्च्या बिया निघतात आणि भाजताना त्यांचंही वजन घटतं. झाडावरची फळं एकदम पिकत नाहीत. चांगली चव हवी तर फक्त लाल फळ निवडायचं, हिरवं ठेवायचं आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच झाडापाशी यायचं. साल त्याच दिवशी निघाली पाहिजे, बी आंबवून धुतली पाहिजे आणि ओल दहा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत सावकाश वाळली पाहिजे. शंभरपैकी ऐंशीच्या वर गुण मिळवणारी कॉफी ‘स्पेशालिटी’ ठरते, आणि त्यातले बरेचसे गुण खुडणी आणि वाळवणी या दोन कामांतच मिळतात किंवा जातात.

पूर्वी शेतकरी फळं घरच्या अंगणात जमिनीवर वाळवायचा. लग्न, आजारपण, पेरणी यांसाठी उचल दिलेला व्यापारी आठवडी बाजारात बसून भाव ठरवायचा, वजनही तोच करायचा. उचल घेतलेल्याने लाल फळासाठी थांबायचं कशाच्या जोरावर? तो हिरवं-लाल सगळं एकदम ओरबाडून आणायचा आणि मग त्याची कॉफी हलकी ठरायची. ‘आदिवासींना दर्जा कळत नाही’ हा शेरा अशा सौद्यांतून जन्माला आला. तो अन्यायाचा होता.

नांदी फाउंडेशन या संस्थेच्या पुढाकाराने २००७ मध्ये इथे लहान शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिने मुख्य बदल केला तो खरेदीच्या जागेत : वाळवलेल्या मालाऐवजी पिकलेलं लाल फळच गावातून वजन करून घ्यायचं, भाव आधी सांगायचा आणि पुढची प्रक्रिया एका केंद्रात करायची. खराब वाळवणीचा धोका त्यामुळे शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरला. २००९ पासून वेगवेगळ्या गावांच्या कॉफीची चव परदेशी जाणकारांकडून तिथेच, खोऱ्यात, तपासली जाऊ लागली. मार्च २०१९ मध्ये अरकू अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारी गिरिजन महामंडळाची खरेदी चालूच आहे. दोन भक्कम खरेदीदार समोरासमोर असणं हा मला शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा आधार वाटतो.

प्रमाणपत्रांचं काय? ‘फेअरट्रेड’चा किमान भाव धुतलेल्या अरेबिकाला २०२३ साली पौंडामागे १.८० डॉलर झाला. २००१च्या मंदीत बाजारभाव पन्नास सेंटच्याही खाली गेला होता. अशा वर्षी हा किमान भाव घर वाचवतो. २०२५च्या सुरुवातीला मात्र भाव चार डॉलरवर गेला. अशा वर्षी व्यापारी रोख घेऊन दारात येतो, सभासद त्याला माल देतो आणि वर्षानुवर्षं बांधलेली सहकारी संस्था रिकामी पडू शकते. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. तेजीच्या वर्षी चढा भाव लगेच देण्याइतकं खेळतं भांडवल संस्थेकडे असायला हवं, आणि हे भांडवल पुरवणं हे पॅरिस-मुंबईच्या खरेदीदाराचं काम आहे.

सेंद्रिय या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. इथली बाग सेंद्रिय आहे याचं एक कारण खतं परवडत नव्हती हेही आहे. एकरी उतारा कर्नाटकाच्या मानाने फार कमी, म्हणून किलोला जास्त भाव मिळाला तरी वर्षाची मिळकत तुटपुंजीच राहू शकते. मिरीचे वेल, हळद, नाचणी, राजमा हे सगळं मिळून घर चालतं. पाकिटावर किलोचा भाव सांगणाऱ्यांनी एका कुटुंबाची वर्षाची कमाई सांगावी, अशी माझी अपेक्षा आहे.

२०२५ साली अरकूच्या बागांत फळ पोखरणारा किडा पहिल्यांदाच आढळला. भारतात तो १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूरला शिरला होता. हे खोरं इतकी वर्षं वाचलं. मादी फळाला छिद्र पाडून बीमध्येच अंडी घालते, त्यामुळे बाहेरून फवारणी करून फारसं काही साधत नाही. उपाय हातांचाच आहे : तोडणीनंतर झाडावर एकही फळ मागे ठेवायचं नाही, खाली पडलेलं प्रत्येक फळ वेचायचं, लागलेली फळं उकळत्या पाण्यात बुडवून पुरायची, सापळे लावायचे. म्हणजे ज्या फळांचा एक रुपयाही येणार नाही ती गोळा करायला बायकांचे कित्येक दिवस जाणार. या दिवसांची मजुरी कॉफीच्या भावात धरली गेली पाहिजे, आणि ती पुढच्या तोडणीआधी, फळं वेचली जात असतानाच, गावात पोचली पाहिजे.