ब्लू बॅज एकाचा, दंड दुसऱ्याला : इंग्लंडमधील पार्किंग नोटिशीविरुद्ध दाद मागताना

इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या एखाद्या गोमंतकीय कुटुंबाची कल्पना करावी. सासूबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे. काठीच्या आधाराने पन्नास पावले चालणेही त्यांना जड जाते. त्यांच्या नावाने स्थानिक कौन्सिलने ‘ब्लू बॅज’ दिला आहे. मोटार मुलाच्या नावावर नोंदलेली आहे. पण मुलगा पाळीवर कामाला जातो, त्यामुळे सासूबाईंना दवाखान्यात नेण्या-आणण्याचे काम सुनेकडे आहे. सून त्यांना आत पोहोचवून तासाभराने बाहेर येते, तो पुढच्या काचेवर दंडाची नोटीस डकवलेली. बॅज तर समोर ठेवला होता. मग दंड कसला, तो कोणी भरायचा आणि त्याविरुद्ध दाद मागायचा हक्क तिघांपैकी कोणाचा?

स्विंडन, लंडनचा साउथॉल-वेम्बली परिसर आणि लेस्टर येथे गोमंतकीयांची वस्ती मोठी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना मिळणाऱ्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे, ब्रिटन युरोपीय संघात असताना हजारो कुटुंबे तिकडे गेली. तेथे घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा बहुधा घरातलेच कोणी करते. अशा घरांत ब्लू बॅजविषयी एक गैरसमज हमखास आढळतो आणि त्याचे मूळ आपल्याकडील पद्धतीत आहे. भारतात दिव्यांगांना मिळणाऱ्या वाहनविषयक सवलती मुख्यतः वाहनाच्या नोंदणीशी जोडलेल्या असतात. ब्रिटनमध्ये तसे नाही. १९७० च्या दीर्घकालीन आजारी व अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातून जन्मलेला हा बॅज आधी नारिंगी होता, २००० सालापासून निळा झाला. पण तो पहिल्यापासून माणसाचा आहे, मोटारीचा नव्हे. बॅजधारक मुलाच्या मोटारीत बसो, शेजाऱ्याच्या की टॅक्सीत, बॅज त्याच्याबरोबर जातो. उलट दंडाची नोटीस लागते ती मोटारीला. काळजी घेणारी व्यक्ती या दोहोंच्या मध्ये सापडते.

सुनेने बॅज वापरला तो योग्य की अयोग्य, हे एकाच प्रश्नावर ठरते. मोटार त्या जागी बॅजधारकाला घेऊन आली होती का, किंवा तेथून त्याला घेऊन जाणार होती का? दोन्हींपैकी एक खरे असेल तर बॅज लावणे नियमाला धरून आहे. म्हणजे सासूबाईंना सोडून सून घरी गेली आणि त्यांना न्यायला एकटीच परत आली, तरी त्या वेळी बॅज लावून थांबता येते. मात्र सासूबाई घरी झोपल्या आहेत आणि त्यांचीच औषधे आणायला सून बॅज लावून औषधांच्या दुकानासमोर उभी राहिली, तर तो गैरवापर ठरतो. काम बॅजधारकाचे होते, हे कारण चालत नाही. गैरवापर हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि दोष सिद्ध झाल्यास बॅजही काढून घेतला जाऊ शकतो.

म्हणून दाद मागण्याचे पत्र लिहिण्यापूर्वी हा प्रश्न घरात बसून प्रामाणिकपणे सोडवावा. कौन्सिलला दया यावी म्हणून अनेक जण सविस्तर, मनापासून पत्र लिहितात: सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, घरी दुसरे कोणी नव्हते, मी पाच मिनिटांत औषध घेऊन परतणार होते. हे पत्र बचावाचे राहत नाही. बॅजधारक मोटारीशी संबंधित प्रवासात नव्हती, ही लेखी कबुली ठरते. खोटे लिहिणे हा त्यावरचा उपाय अर्थातच नव्हे. अशा प्रसंगी सवलतीच्या मुदतीत अर्धी रक्कम भरून प्रकरण मिटवणे शहाणपणाचे.

आता नोटीस. तिचा पहिला शब्द नीट वाचावा. ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ असेल तर ती कौन्सिलची, म्हणजे कायद्याने लावलेला दंड. ‘पार्किंग चार्ज नोटीस’ असेल तर ती बहुतेक वेळा खासगी कंपनीची. दोहोंचे लघुरूप ‘पीसीएन’च, आणि खासगी नोटिशींचा रंग-रूपही पुष्कळदा सरकारी वाटेल असाच ठेवलेला असतो. त्यात निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. दोन्हींचे मार्ग मात्र पूर्ण वेगळे आहेत.

कौन्सिलच्या नोटिशीवर उल्लंघनाचा क्रमांक असतो. ४० हा क्रमांक दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेत वैध बॅज विहित पद्धतीने न लावल्याबद्दलचा. ०१ म्हणजे निर्बंध असलेल्या रस्त्यावर, बहुधा पिवळ्या रेषेवर, उभे राहणे. ०२ म्हणजे जेथे माल चढवण्या-उतरवण्यासही मनाई आहे तेथे थांबणे. बॅजधारकांना सर्वाधिक फसवणारा हाच तिसरा. इंग्लंडमध्ये बॅज असल्यास एकेरी किंवा दुहेरी पिवळ्या रेषेवर तीन तास थांबता येते. पण पदपथाच्या कडेवर आडवे छोटे पिवळे पट्टे रंगवलेले असतील, तर मालवाहतुकीवर बंदी असलेल्या वेळेत बॅजचा उपयोग नाही. दुहेरी पट्टे म्हणजे ही बंदी चोवीस तास. पावसात पान-पाचोळ्याखाली झाकलेले किंवा झिजलेले हे पट्टे सहज नजरेतून सुटतात. तसे असेल तर त्यांचे त्याच दिवशी काढलेले छायाचित्र हा भक्कम पुरावा ठरू शकतो. मध्य लंडनची गोष्ट आणखी निराळी. वेस्टमिन्स्टर, सिटी ऑफ लंडन, केन्सिंग्टन व चेल्सी आणि कॅम्डनचा काही भाग येथे ही योजना जशीच्या तशी लागू नाही. तेथील नियम आधी पाहूनच जावे.

पिवळ्या रेषेवर बॅजबरोबर पुठ्ठ्याचे निळे घड्याळही लावावे लागते आणि त्याचे काटे पोहोचण्याच्या वेळेवर ठेवावे लागतात. बॅज ठेवताना मुदत आणि क्रमांक असलेली बाजू वर हवी, छायाचित्राची बाजू खाली. आजारी माणसाला उतरवण्याच्या घाईत बॅज उलटा ठेवला जातो किंवा दार आपटताच तो डॅशबोर्डवरून आसनाखाली घसरतो. ‘विहित पद्धतीने’ या दोन शब्दांत दंड लागतो तो असा. येथे बॅज होता एवढेच सांगून भागत नाही. कायद्याच्या भाषेत उल्लंघन झालेलेच असते, कारण बॅज असणे आणि तो नियमाप्रमाणे दिसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे पत्रात उल्लंघन नाकारू नये. ते कसे घडले ते सांगून विवेकाधिकार वापरण्याची विनंती करावी. असा अधिकार कौन्सिलला असतो. वैध बॅज दाखवल्यावर पहिल्या चुकीबद्दलचा दंड रद्द करण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. तिला हक्क मात्र समजू नये.

पत्र लहान असावे. बॅजच्या दोन्ही बाजूंची प्रत, त्या दिवशीच्या वैद्यकीय भेटीचे पत्र, बॅजधारकाला आत नेण्यास वेळ का लागला याची दोन ओळींची माहिती आणि असल्यास छायाचित्रे, एवढे पुरे. आधी कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोटिशीचा क्रमांक टाकून अधिकाऱ्याने काढलेली छायाचित्रे पाहावीत. त्यांत घड्याळ किंवा बॅजचा कोपरा दिसत असेल, तर सारी बाजूच पालटते. काळजीवाहकाने आपली भूमिका स्पष्ट लिहावी: मोटार कोणी चालवली, बॅजधारक कोठून कोठे गेली, किती वाजता. आजाराचे सविस्तर वर्णन करण्याची गरज नसते. बॅज देताना कौन्सिलने पात्रता तपासलेलीच असते. विशेषतः ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये स्वमग्नता, स्मृतिभ्रंश यांसारख्या वरकरणी न दिसणाऱ्या स्थितींसाठीही बॅज मिळू लागला आहे. मूल तर धडधाकट दिसते, असा शेरा ऐकावा लागलेल्या पालकांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

मुदती कडक आहेत. लंडनबाहेर दंड सामान्यतः पन्नास किंवा सत्तर पौंड असतो आणि १४ दिवसांत भरल्यास निम्मा होतो. याच १४ दिवसांत अनौपचारिक हरकत नोंदवली आणि ती फेटाळली गेली, तर बहुतेक कौन्सिल निम्म्या रकमेची संधी पुन्हा देतात. ही हरकत चालक म्हणून सुनेनेही घ्यायला अडचण नाही. एक गोष्ट मात्र करू नये: ‘आधी भरू, मग भांडू’ म्हणून पैसे भरणे. रक्कम भरताच प्रकरण बंद होते.

हरकत फेटाळली आणि पैसेही भरले नाहीत, की मोटारीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावाने ‘नोटीस टू ओनर’ टपालाने येते. आपल्या उदाहरणात ती ना सासूबाईंना येईल, ना सुनेला. ती येईल मुलाला. येथून पुढे दाद मागायचा अधिकार त्याचा. २८ दिवसांत त्याने औपचारिक निवेदन द्यायचे असते. सुनेने स्वतःच्या सहीने पाठवलेले पत्र या टप्प्यावर, मजकूर कितीही बिनतोड असला तरी, केवळ सही चुकली म्हणून बाजूला पडू शकते. मुलाने स्वतः सही करावी, किंवा पत्नी आपल्या वतीने हे प्रकरण पाहील असे अधिकारपत्र जोडावे. मोटार सासूबाईंच्याच नावावर असेल तर अधिकारपत्र त्यांचे हवे. अनेक घरांत चांगली बाजू वाया जाते ती याच ठिकाणी.

कौन्सिलने औपचारिक निवेदनाला ५६ दिवसांत उत्तर दिले नाही, तर दंड रद्द झाला असे मानले जाते. फेटाळल्याचे पत्र आले तर त्यापासून २८ दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येते. लंडनसाठी ‘लंडन ट्रायब्युनल्स’, उर्वरित इंग्लंड व वेल्ससाठी ‘ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल’. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि निवाडा करणारे कौन्सिलचे नोकर नसतात. दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून सुनावणी मागता येते. आजारी माणसाला घरी एकटे सोडून जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. मात्र येथे हरल्यास निम्म्या रकमेची सवलत गेलेली असते. न्यायाधिकरणाच्या अधिकाराची मर्यादाही ध्यानात घ्यावी. उल्लंघन झालेच नव्हते किंवा कौन्सिलने कार्यपद्धती मोडली, असे दिसले तर ते दंड रद्द करते. पण उल्लंघन झाले आणि केवळ परिस्थिती सहानुभूतीची होती, अशा वेळी ते कौन्सिलला फेरविचाराची शिफारस करू शकते, भाग पाडू शकत नाही. बॅज आसनाखाली घसरला, हे प्रकरण बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडते. म्हणूनच त्याची खरी लढाई पहिल्या पत्रात असते.

खासगी जागेचे, म्हणजे सुपरमार्केट, काही रुग्णालये, व्यापारी संकुले यांच्या आवारांचे, गणित करारावर चालते. ब्लू बॅजची सरकारी योजना तेथे आपोआप लागू होत नाही. फलकावरील अटी लागू होतात. सरकारी रुग्णालयांत बॅजधारकांना मोफत थांबता येत असले, तरी अनेक ठिकाणी आत स्वागतकक्षात मोटारीचा क्रमांक नोंदवावा लागतो. तो नोंदवायचे राहिले की कॅमेरा नोटीस पाठवतो. अशा नोटिशीविरुद्ध आधी कंपनीकडे, साधारणतः २८ दिवसांत, आणि तेथे नकार मिळाल्यास ती कंपनी ज्या संघटनेची सदस्य आहे त्यानुसार ‘पोप्ला’ किंवा ‘आयएएस’ या व्यवस्थेकडे जाता येते. येथे उपयोगी पडतो तो २०१० चा समानता कायदा. सेवा देणाऱ्याने दिव्यांग व्यक्तीसाठी वाजवी फेरबदल केले पाहिजेत, असे तो सांगतो. दोन तासांची मर्यादा इतरांना पुरेशी असेल. चाकाच्या खुर्चीतून उतरून, तपासणी करून, पुन्हा मोटारीत बसणाऱ्या माणसाला ती अपुरी पडली, हे पत्रात नेमक्या वेळांसह मांडावे.

खासगी नोटीस केराच्या टोपलीत टाकावी, असा सल्ला ओळखीपाळखीतून सर्रास दिला जातो. तो जुना आहे. २०१२ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये, ठरावीक अटी पाळल्यास, नोंदणीकृत धारकाकडून वसुली करण्याची मुभा कंपन्यांना मिळाली आणि २०१५ मध्ये ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ८५ पौंडांची आकारणी वैध ठरवली.

राहता राहिला पत्ता. भाड्याची घरे बदलणाऱ्या कुटुंबांत मोटारीच्या नोंदणीपुस्तकावर पुष्कळदा जुनाच पत्ता राहतो. मालकाची नोटीस तिकडे जाते, कोणी ती उघडत नाही, दंड निम्म्याने वाढतो, नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये वसुलीचा आदेश नोंदला जातो आणि घरच्यांना पहिली वार्ता कळते ती दारावर आलेल्या बेलिफाकडून. नोटीस मिळालीच नव्हती, असे साक्षपत्र त्याही टप्प्यावर दाखल करता येते. त्याचा अर्ज ‘टीई९’. आदेशानंतरची २१ दिवसांची मुदत उलटली असेल तर विलंबाचे कारण सांगणारा ‘टीई७’ सोबत जोडावा लागतो. साक्षपत्र मान्य झाले तर वसुलीचा आदेश रद्द होतो, वाढीव रक्कम जाते आणि निवेदन देण्याची गेलेली संधी मालकाला पुन्हा मिळू शकते.