औषधाची मात्रा आणि रुग्णाची ऐपत

कोल्हापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेली निपाणी तंबाखूची बाजारपेठ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. या पिकाने सीमाभागातील शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला. त्याच तंबाखूने मिश्री, मावा आणि २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी असलेला गुटखा यांच्या रूपाने तोंडाचा कर्करोगही दिला. हा खर्च मात्र कोणत्याच बाजारभावात धरला जात नाही.

तोंड व घसा यांच्या अस्तरातील चपट्या पेशींचा हा रोग सर्वत्र सारखा वागत नाही. पाश्चात्त्य देशांत घशाच्या मागील भागातील अनेक गाठी ‘एचपीव्ही’ या विषाणूमुळे होतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे विषाणूजन्य गाठींचे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. विषाणू नसलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. आपल्याकडील तोंडाचा कर्करोग प्रामुख्याने तंबाखूजन्य आहे. तेव्हा तिकडचा आशादायक आकडा इकडच्या रुग्णाला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवरून आपले भविष्य वाचणे होय.

दुसरी खूण प्रतिकारशक्तीची. गाठीतील पेशी ‘पीडी-एल१’ नावाचे प्रथिन अंगावर बाळगून शरीराच्या रक्षक पेशींना थोपवून धरतात. असा अडसर दूर करण्याच्या उपचारतत्त्वाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही खूण जितकी ठळक, तितका या औषधांचा गुण येण्याचा संभव सामान्यतः अधिक. परंतु ग्यानबाची मेख येथेच आहे. औषध इतके महाग, की खूण सापडूनही बहुसंख्य भारतीय रुग्णांच्या हाती केवळ अहवाल उरतो. आणि जमीन गहाण टाकावी की नाही, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी म्हणूनच मुळाशी हात घातला : पूर्ण मात्रा खरोखरच आवश्यक आहे काय? निव्होलुमॅबची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. रोग पूर्ण बरा होण्याची आशा न उरलेल्या १५१ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. दोघांनाही तोंडावाटे घ्यायची स्वस्त औषधे दिली. एका गटाला त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे १६ टक्के, तर दुसऱ्यात ४३ टक्के होते.

हा एका रुग्णालयातील प्रयोग आहे आणि रोग समूळ बरा होतो, असा त्याचा दावा नाही. तथापि कमी औषध खपेल असा प्रयोग करण्यात उत्पादकाला स्वारस्य नसते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. असे प्रयोग सार्वजनिक पैशातूनच व्हावे लागतील, आणि शासकीय आरोग्य योजनांना त्यांचे निष्कर्ष आपल्या दरपत्रकात उतरवावे लागतील. खूण ओळखणे हे शास्त्राचे काम. त्या खुणेवरचा उपचार सामान्यांच्या आवाक्यात आणणे हे शासनाचे.