तैवानच्या बालशाळेतला परदेशी इंग्रजी शिक्षक

तैवानमध्ये परदेशी शिक्षकाला बालशाळेत इंग्रजी शिकवण्याचा परवाना मिळत नाही. १९९२च्या रोजगार सेवा कायद्याच्या ४६व्या कलमात परदेशी माणसाला कोणती कामे करता येतात याची यादी आहे. तीत महाविद्यालयांतले अध्यापक येतात, शाळांतले परकीय भाषेचे शिक्षक येतात आणि ‘बुशीबान’ म्हणजे नोंदणीकृत खासगी शिकवणी वर्गांतले पूर्णवेळ भाषाशिक्षकही येतात. दोन ते सहा वर्षांच्या मुलांची बालशाळा या यादीत नाही. तरीही नव्याने शिकवायला आलेल्या अनेकांना बालशाळेतलीच नोकरी देऊ केली जाते. कारण बुशीबानचे वर्ग बहुधा शाळा सुटल्यावर भरतात. सकाळचे तास हवे असतील तर ते बहुधा बालशाळेतच मिळतात.

दुसरी अडचण बालशाळांच्या स्वतःच्या नियमांची आहे. १ जानेवारी २०१२ पासून बालवाड्या आणि पाळणाघरे एकाच कायद्याखाली आली. त्या कायद्यानुसार मुलांना शिकवणाऱ्या-सांभाळणाऱ्यांना बालशिक्षणाची ठरावीक पात्रता लागते. शिवाय पूर्ण दिवस, अर्धा दिवस किंवा स्वतंत्र विषय म्हणून परकीय भाषा शिकवायला बालशाळेत मनाई आहे. या वयाच्या मुलाने खेळातून, घरच्या आणि परिसरातल्या अनुभवातून शिकावे, धडे गिरवू नयेत, हा त्यामागचा विचार आहे आणि तो रास्त आहे. पण डिसेंबर २०१८ मध्ये सरकारनेच २०३० पर्यंत देश द्विभाषिक करण्याचे धोरण जाहीर केले. मुलाचे इंग्रजी लवकर सुरू व्हावे ही पालकांची घाई त्याआधीपासूनची. मागणी एवढी आणि कायदेशीर वाट नाही, म्हणून खासगी बालशाळांनी आडवाट काढली.

ती आडवाट अशी. एकाच इमारतीत तळमजल्यावर बालशाळा आणि वरच्या मजल्यावर बुशीबान. नोंदणी दोन, पाट्या दोन. पुष्कळदा एक संस्था नवऱ्याच्या नावावर, तर दुसरी बायकोच्या. परदेशी शिक्षकाचा परवाना बुशीबानच्या नावाने काढला जातो. त्यासाठी किमान वय २० वर्षे, महाविद्यालयीन शिक्षण आणि आठवड्याला निदान १४ तासांचे काम या गोष्टी दाखवाव्या लागतात. परवाना निघाला की त्याच संस्थेच्या नावाने रहिवासी कार्ड मिळते. कागदोपत्री सगळे चोख असते. फक्त शिक्षक सकाळी नऊ वाजता वर जाण्याऐवजी खालच्या वर्गात जातो.

खालच्या वर्गात मुले बूट काढून, पाण्याच्या बाटल्या कप्प्यात ठेवून चटईवर गोल करून बसलेली असतात. शिक्षक अक्षरांची रंगीत कार्डे एकेक करून वर धरतो, मुले एका सुरात आवाज काढतात, शेजारची तैवानी शिक्षिका रडणाऱ्या एखाद्याला मांडीवर घेते. काम जीव ओतून केले जाते आणि मुलांना शिक्षकाचा लळाही लागतो. मग एखाद्या दिवशी दारावरची घंटा वाजते आणि कचेरीतून वर्गात निरोप येतो. शिक्षिका कार्डे हातात घेऊन मुलांकडून चिनी गाणे म्हणून घेऊ लागते. परदेशी शिक्षकाला जिन्याने वर किंवा मागच्या दाराने गल्लीत पाठवले जाते. अशा वेळी काय करायचे, हे काही ठिकाणी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलेले असते. तसे सांगितले गेले, तर आपले काम कायद्यात बसत नाही हे शिक्षकाने तिथेच ओळखावे.

तपासणीला येणारे लोक शिक्षण, कामगार किंवा स्थलांतर खात्याचे असतात आणि बहुधा कुणाच्या तरी तक्रारीवरून आलेले असतात. शिक्षक समोर सापडलाच पाहिजे असे नाही. भिंतीवरचे वेळापत्रक, मुलांच्या वह्यांवरची त्याची सही, शाळेने जाहिरातीसाठी समाजमाध्यमांवर टाकलेले वर्गातले फोटो यांतूनही बरेच उघड होते.

त्यानंतर सगळे एका प्रश्नावर येऊन थांबते: शिक्षक कुणासाठी काम करत होता आणि कुणाच्या सांगण्यावरून? रोजगार सेवा कायद्याच्या ५७व्या कलमानुसार परवान्याबाहेरचे काम सांगणारा मालक दोषी ठरतो. ७३व्या कलमानुसार परवान्यावर नाव नसलेल्या मालकासाठी काम केले किंवा मालकाने न सांगता परवान्याबाहेरचे काम केले, तर शिक्षकाचा परवाना रद्द होतो. म्हणून दोन नोंदण्यांची ही व्यवस्था शिक्षकासाठी सर्वांत घातक आहे. बालशाळेची मालकी वेगळी असेल, तर ती त्याच्या दृष्टीने परकी संस्था ठरते आणि ‘मला पाठवले म्हणून मी गेलो’ हा बचाव लंगडा पडतो. संचालकाने पाठवलेले संदेश, छापील वेळापत्रक, पगाराच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तरच त्या बचावात काही जोर येतो.

परवान्याविना काम केल्याचे ठरले, तर शिक्षकाला ३० हजार ते दीड लाख तैवानी डॉलर दंड होऊ शकतो. त्याहून जबर तरतूद पुढे आहे: त्याला देश सोडण्याचा आदेश निघतो आणि तैवानमध्ये पुन्हा काम करता येत नाही. परवान्याविना परदेशी माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला दीड लाख ते साडेसात लाख दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैदही आहे. आकड्यांत मालकाची शिक्षा मोठी दिसते. पण दंड भरून मालकाची शाळा दुसऱ्या दिवशी उघडते. शिक्षकाची नोकरी, घर आणि त्या देशात राहण्याचा हक्क एकदम जातात. हा तोल न्याय्य नाही.

करारपत्र इथे फारसे कामाला येत नाही. मुदतीआधी नोकरी सोडल्यास दंड कापून घेण्याची अट अनेक करारांत असते आणि तिचा धाक दाखवून शिक्षकाला बालशाळेचे तास घ्यायला लावले जाते. पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ म्हणून मालकाने दडपून ठेवणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला ६० हजार ते तीन लाख दंड आहे.

तैवानी नागरिकाशी लग्न केलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला कामाचा परवाना लागत नाही. म्हणून तिला बालशाळेत शिकवायला हरकत नाही, असे भरती करणारे बेधडक सांगतात. त्यात अर्धेच सत्य आहे. तिच्यापुरता रोजगार कायद्याचा अडसर दूर होतो, पण बालशिक्षणाच्या पात्रतेची अट आणि परकीय भाषेच्या वर्गांवरची मनाई तशीच राहते.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी परवान्यावरचे संस्थेचे नाव आणि पत्ता चिनी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घेणे आवश्यक असते. प्रत्यक्ष काम जिथे करायचे त्या दारावरची पाटी त्याच नावाची असली पाहिजे. पकडले गेल्यावर अधिकारी जबाब चिनीत लिहून घेतात. दुभाष्याकडून तो शब्दशः समजून घेतल्याशिवाय सही करू नये, कारण पुढचा निर्णय त्याच कागदावर उभा राहतो. निर्णय हाती पडल्यापासून ३० दिवसांत त्याविरुद्ध प्रशासकीय अपील करता येते. मात्र अपील दाखल झाले म्हणून देश सोडण्याचा आदेश आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.